संदर्भ क्रमांक चौदा

४ फेब्रुवारी

दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला आता कंबर तयार नाही आणि खरं सांगायचं तर मनही नाही. फोन तू उचलत नाहीस. ईमेल तुझी सेक्रेटरी उघडते आणि "सरांना सांगते हं" असं गोड उत्तर पाठवते. म्हणून हे कागदाचं पत्र. पाकीट बघून तू कपाळाला आठ्या घालशील, दोन दिवस बाजूला ठेवशील, पण फेकणार नाहीस. माझं अक्षर आईच्या वळणाचं आहे, त्याचा मी आज फायदा घेते आहे.

बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण मोठी झाली. आमच्या विद्यापीठात सगळ्या विज्ञानशाखांना एका छपराखाली आणणारं नवं केंद्र निघतंय आणि त्याच्या संचालकपदासाठी शेवटच्या तिघांत माझं नाव आहे. समितीच्या अहवालातलं एक वाक्य तुझ्यासाठी उतरवून काढते: "उमेदवाराचे शोधनिबंध संख्येने थोडे असले तरी त्यांच्या कामाचा आधार अकरा निरनिराळ्या शाखांतील संशोधकांनी घेतला आहे. असा प्रभाव दुर्मीळ होय." सोबत रंगीत चित्र. मध्ये माझ्या नावाचा गोल आणि त्यातून चहूकडे सुटलेले बाण: बालरोग, अन्नप्रक्रिया, जुन्या कापडांचं जतन, गुन्ह्यांचा तपास, मधमाश्या. मी काय करते ते तुला ठाऊक आहे. दगडावर आणि झाडाच्या सालीवर करडे-हिरवे पापुद्रे धरतात ते दगडफूल मी जन्मभर खरवडलं, वाळवलं, कागदाच्या पाकिटात घातलं आणि भिंगाखाली धरलं. मधमाशीचा आणि माझा संबंध आला तो ती चावली तेव्हा.

मला ते पद हवंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू मला साध्वी समजणार नाहीस. माझी नमुन्यांची कपाटं अजून पॅसेजमध्ये आहेत, पिण्याच्या पाण्याच्या कूलरला खेटून. कूलर गळतो. मुलं बाटल्या भरताना माझ्या कपाटाला पाठ लावून उभी राहतात आणि ओल्या हातानं दाराला रेलतात. संचालकाला स्वतंत्र, कोरडी, कुलपाची खोली मिळते. त्या खोलीसाठी मी कुणाच्याही अंगावर जाईन.

पण ते बाण कुठून सुटले ते तुला आणि मला ठाऊक आहे. आठव. माझा तो छोटा पेपर छापून आला होता. दगडफुलाचे वाळलेले नमुने कागदी पाकिटात घालून कोरड्या खोलीत ठेवले, तर त्यांचा रंग वर्षभर उतरत नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. कोरड्या खोलीत, हे पुन्हा पुन्हा. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी तोंड पाडून तुझ्याकडे आले. तू तेव्हा तुझा मोठा पेपर लिहीत होतास, नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदी कार्डावर घ्यायचा आणि तपासणीला धाडायचा, त्याबद्दलचा. "रडू नकोस, तुझं खातं मी उघडतो," म्हणालास आणि तुझ्या पेपरात जाता जाता एक वाक्य टाकलंस: कागदावर वाळलेला नमुना साध्या हवेत कित्येक आठवडे टिकतो, तेव्हा कार्ड साध्या टपालानं पाठवायला हरकत नाही. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा, चौदा. यादीत चौदाव्या जागी मी. दुसऱ्यांचे भाऊ घड्याळ देतात, कपडे घेतात. तू सायटेशन दिलंस. मला तेव्हा आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता.

तुझा पेपर गाजला. ज्यानं त्यानं तुझं वाक्य उचललं आणि वाक्याबरोबर माझा नंबर उचलला. कोरडी खोली वाटेत कुठेतरी सांडली. आज तेच वाक्य तुझ्या सहीच्या मार्गदर्शिकेत आहे, प्रसूतिगृहांच्या भिंतींवरच्या तक्त्यात आहे. दमट गावांमधून कार्डं टपालाच्या पोत्यात पडत-धडपडत येतात, आठवडेच्या आठवडे. त्या थेंबात जे शोधायचं असतं ते ओलाव्यानं विरत जातं आणि आजारी बाळ कागदावर निरोगी ठरतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या जेवणाच्या टेबलावर मी हेच सांगितलं होतं.

तुझ्या जर्नलच्या संपादकांना मी लिहून पाहिलं. ते म्हणतात, वाक्य ज्याचं त्यानंच दुरुस्ती पाठवायची. बहिणीचं पत्र चालत नाही. तेव्हा दादा, ते वाक्य मागे घे. मी मुलाखतीला जायच्या आधी घे, म्हणजे मला जे मिळेल ते माझं असेल.

तुझी,
धाकटी


१७ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. मूग गिळून बसण्यात तुझा हात कोण धरणार!

तोवर मी एक उद्योग केला. माझ्या पेपरचा आधार घेणाऱ्यांच्या नावांवरून हात फिरवला आणि चाळीसेक जणांना सरळ विचारलं: माझा पेपर तुम्ही वाचला आहे का? चिडून नाही विचारलं. अगदी नाक मुठीत धरून, "आपला अमूल्य वेळ" वगैरे घालून.

उत्तरं ऐक. अन्नप्रक्रियेचे एक प्राध्यापक लिहितात, "आपला शोधनिबंध आमच्या सर्व कामाचा पाया आहे. कृपया त्याची एक प्रत पाठवाल का?" जुन्या कापडांच्या बाई मात्र मनानं साफ निघाल्या. "नाही हो वाचला, दुसऱ्यांच्या यादीतून उचलला. तुम्ही कुठे बोलणार नाही ना?" गुन्ह्यांच्या तपासवाल्यांनी त्यांच्या वकिलाकडून उत्तर पाठवलं. आणि मधमाश्यांचे एक गृहस्थ म्हणतात, "आपण हयात आहात हे कळून अतिशय आनंद झाला, सर."

मी चक्रावले. मला सर म्हटल्याचं काही नाही, सवय आहे. पण हयात? मग त्यांच्या यादीतला माझा संदर्भ पाहिला आणि कपाळावर हात मारला. माझा पेपर त्या अंकात पान १२१ वर आहे. तू घाईघाईत २११ टाकलंस. तू केलेली ती चूक त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येकानं जशीच्या तशी उतरवली आहे. अकरा शाखा, सगळ्यांचं २११. त्या पानावर बेडकांवर आयुष्य काढलेल्या एका प्राध्यापकांचा मृत्युलेख आहे. मधमाशीवाल्यांनी बिचाऱ्यांनी पान उघडलं, लेख वाचला, हळहळले आणि तरीही आकडा टाकला. सगळ्यांत तेवढा एकच माणूस ग्रंथालयाच्या पायऱ्या चढला म्हणून त्यांच्यावर मला रागावता येत नाही.

हसलास ना? लहानपणी असंच व्हायचं. मी तणतणत यायची आणि तू मला हसवून पाठवायचास. "म्हणे दगडफूल! फूल कुठाय, नुसता दगड." घरभर मला दगड म्हणायचास आणि बाहेर कुणी म्हटलं तर त्याची गचांडी धरायचास.

त्या दिवशी टेबलावर मात्र तू मला हसवलं नाहीस. आधी म्हणालास, "सायटेशन दिलं म्हणून भांडायला आलेली तू जगातली पहिली बाई." इथवर ठीक होतं. मग म्हणालास, "माझ्यामुळे तुझं नाव झालं. नाहीतर कोण विचारत होतं तुला?" वहिनी हातात डाव घेऊन उभी होती, तिनं तो परत पातेल्यात ठेवला. मी उठले. रागाच्या भरात तिच्याच चपला घालून बाहेर पडले, एक नंबर लहान. बसस्टॉपपर्यंत टाचा बाहेर काढून चालत गेले, पण परत फिरले नाही. त्या चपला अजून माझ्याकडे आहेत. तिला म्हणावं, मुद्दाम ठेवल्या नाहीत.

कोण विचारत होतं मला? कुणी नाही. माझ्या खऱ्या पेपरांना मोजून बारा वाचक असतील. पण ते बारा जण मला पत्र लिहून भांडतात, नमुने मागवतात, मी चुकले तर लगेच कान धरतात. त्या बारांच्या जोरावर मी ताठ उभी आहे. तुझ्या हजारांच्या नाही.

दुरुस्ती पाठव.

दगड


६ मार्च

दादा,

मुलाखत झाली. तू वाक्य मागे घेतलं नाहीस, म्हणून मी माझ्या परीनं घेतलं. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

लांबलचक टेबल, एसी इतका की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा लागला. मध्ये कुलगुरू. त्यांच्या डावीकडे भौतिकशास्त्राच्या बाई, चष्म्याला दोरी लावून गळ्यात अडकवलेला. उजवीकडे बाहेरून आलेले तज्ज्ञ, पेनाचं टोपण चावत. माझ्या नावाचं ते बाणांचं चित्र भिंतीवर पडद्यावर लावलेलं.

कुलगुरूंनी प्रेमानं सुरुवात केली. "मॅडम, एक माणूस इतक्या शाखांत पोचतो कसा? आमच्या तरुणांना सांगा जरा."

मी म्हटलं, "माझा पेपर कुणी वाचला नाही, म्हणून पोचले."

सगळे हसले. तज्ज्ञ टोपण तोंडातून काढून म्हणाले, "काय विनय आहे!"

"हा विनय नाही, सर. त्या पेपरात जे म्हटलंय त्याच्या उलटं लोक माझ्या नावावर सांगतात. हा घ्या पेपर. ही घ्या त्यांची यादी. पान २११ पाहा, तिथे मृत्युलेख आहे." मी झेरॉक्स टेबलावरून सरकवल्या. चष्मेवाल्या बाईंनी दोरी ओढून चष्मा लावला आणि खरोखर वाचायला लागल्या. बाकीच्यांनी कागद उचलला, वजन केल्यासारखा धरला आणि ठेवला.

तज्ज्ञ मला समजावायला लागले. "मॅडम, अशी दोन-चार सायटेशन्स प्रत्येकाची असतात. खोलात जायचं म्हटलं तर इथे बसलेल्यांपैकी कुणाचं काय उरेल?"

"माझं तीस पेपरांचं काम उरेल. त्यावर विचारा ना! पाऊण तास झाला, दगडफुलाबद्दल एक प्रश्न नाही."

कुलगुरूंनी घड्याळाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा, हे आकडे आपण विद्यापीठाच्या क्रमवारीसाठी वर पाठवलेले आहेत. आता मागे कसे घ्यायचे? आणि तक्रार कुणाचीच नाही."

"माझी आहे."

"तुमची स्वतःविरुद्ध?" पुन्हा हसू. या वेळी जरा बेताचं.

घरी आले, डाळभाताचा कुकर लावला, शिटी व्हायच्या आत फोन वाजला. निवड झाली. एकमतानं. मी त्यांच्या तोंडावर खरं सांगितलं आणि त्यांनी ते माझ्या खात्यात विनय म्हणून जमा केलं! दादा, मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून हसले आणि मग संतापानं शिटीच्या आधीच गॅस बंद केला. खरं बोलून काही होत नाही, इतकी या आकड्यांची भिंत जाड आहे.

आणि तरी दुसऱ्या दिवशी मी ती खोली बघून आले. पूर्वेला खिडकी आहे. भिंतीला ओल नाही. मी तळहात लावून पाहिला.

नेमणूक पत्र मिळायला अजून वेळ आहे. तोवर मी गप्प बसणार असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी आपल्या घरी विचारावं मी कशी आहे.

तुझी,
दगड


३१ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू शेजारी बसून तिला बोलायला लावत होतास ना? मधूनमधून तुझं खाकरणं ऐकू येत होतं. निरोप पोचला: "तिला म्हणावं, आत्ता गडबड नको. तिचंही पद जाईल, माझंही नाव जाईल. मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य हळूच काढून टाकू."

हळूच? ज्यांनी न वाचता वाक्य घेतलं त्यांना ते हळूच काढलेलं दिसणार आहे का? भिंतीवरचे तक्ते हळूच उतरणार आहेत का? हळूच काढलेलं वाक्य म्हणजे तू सुटलास, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या काळजीचं निमित्त करू नकोस. माझं पद जाईल तर जाईल.

आता माझी गंमत ऐक. मी एक टिपण लिहून दुसऱ्या जर्नलला पाठवलं होतं. मजकूर साधा: "माझ्या पेपरात मी असं म्हटलेलं नाही. कृपया माझ्या नावावर हे सांगू नये." परवा ते परत आलं. नापसंत. परीक्षक कोण ते गुप्त असतं, पण अभिप्राय मिळतो. त्यांनी लिहिलंय: "लेखिकेचे म्हणणे या विषयातील प्रस्थापित ज्ञानाशी विसंगत आहे. लेखिकेने या क्षेत्रातील मूळ शोधनिबंध आधी अभ्यासावा." आणि खाली मूळ शोधनिबंधाचा संदर्भ दिलाय. माझा. पान २११.

मी तो कागद डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर लावलाय. शिपायापासून हेडपर्यंत सगळे पोट धरून हसून गेले. हेड जाताना हळूच म्हणाले, "काढा तो, कुणी वरचे आले तर बरं दिसत नाही." मी चारही कोपऱ्यांना आणखी एकेक टाचणी मारली.

पण टिपण धाडलं तेव्हाच, फेब्रुवारीत, विचार केला होता, म्हटलेलं नाही म्हणून भागणार नाही. खोटं आहे हे दाखवायला हवं. इथल्या बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, मला आवडल्या. त्यांनाही बरेच दिवस संशय होता, लांबून आलेल्या कार्डांचे आकडे फिके येतात म्हणून. "पण सरांची मार्गदर्शिका आहे, आम्ही काय बोलणार?" म्हणाल्या. सर म्हणजे तू. मी म्हटलं, सर माझे भाऊ आहेत, तुम्ही बोला.

आम्ही रीतसर परवानग्या काढल्या. कार्डं दोन भागांत वाटली. अर्धी त्यांच्या फ्रीजमध्ये, अर्धी माझ्या पॅसेजमध्ये, कूलरशेजारच्या कपाटात. त्या ओल्या पॅसेजचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. तीन आठवड्यांनी दोन्ही तपासली. फ्रीजमधली ठीक. पॅसेजमधल्यांत जे सापडायला हवं होतं ते निम्म्याच्याही खाली. ज्या थेंबांत आम्ही आजाराची खूण मुद्दाम मिसळली होती, त्यांतले कितीतरी निरोगी म्हणून पास झाले. डॉक्टरीणबाई आकडे बघून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी अशी किती बाळं घरी पाठवली असतील?" तो प्रश्न मी तुझ्याकडे धाडते, उत्तर तुझं आहे. ते तू दे.

पेपर लिहून होत आला आहे. आकडे सोबत जोडते. तुझ्या डोळ्यांनी बघ, सेक्रेटरीच्या नको.

धाकटी


२४ एप्रिल

दादा,

आधी अभिनंदन. माझ्या भाचीला मुलगा झाला आणि तू आजोबा झालास. मला वहिनीनं काल दुपारी फोन करून सांगितलं. या वेळी तुझं खाकरणं ऐकू आलं नाही, तू हॉस्पिटलमध्ये होतास. ती मनमोकळं बोलली, चपलांबद्दलही बोलली, म्हणाली, "आता तुम्हीच घाला त्या, मी नव्या घेतल्या." मी बाळ कुणासारखं आहे विचारलं. नाक आपल्या बाबांसारखं आहे म्हणे. मला इतका आनंद झाला की मी कूलरपाशी उभ्या असलेल्या अनोळखी पोरीला सांगितलं, मी आजी झाले.

मग वहिनी तुझं कौतुक सांगायला लागली. "तुम्हाला सांगते, वन्सं, यांनी काय धांदल केली! लेकीचं सासर केवढं लांब, तिथल्या नर्सनं बाळाच्या टाचेचा थेंब कार्डावर घेतला आणि नेहमीप्रमाणे पाकिटात घालायला लागली. यांनी हातातून काढून घेतलं. म्हणाले, टपालात टाकायचं नाही. बर्फाची पेटी मागवली, झाकणाला चिकटपट्टी लावली, स्वतः गाडी चालवत शहरातल्या लॅबला नेऊन दिलं. वाटेत चहालासुद्धा थांबले नाहीत. एवढा मोठा डॉक्टर, पण नातवापुढे अगदी वेडा होतो बघा."

वहिनीला त्यात फक्त आजोबाची माया दिसली. माया आहेच, मी नाही म्हणत नाही. मी "हो ना" म्हटलं आणि खाली बसले. पॅसेजमध्ये, फरशीवर.

त्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर तुझा तक्ता असणार. तुझ्या सहीखाली लिहिलेलं असणार, साधं टपाल चालेल. त्या नर्सनं तुझंच ऐकलं होतं आणि तू तिच्या हातातून पाकीट हिसकावलंस. दोन वर्षं मी समजत होते की तू माझं ऐकलं नाहीस, माझा पेपर उघडला नाहीस, आकडे पाहिले नाहीस. माझं चुकलं. तू सगळं वाचलं आहेस. अकरा शाखांत माझा पेपर नीट वाचलेला एकच माणूस आहे आणि तो तू आहेस. कोरड्या खोलीसकट तुला तो पाठ आहे.

न वाचणाऱ्यांवर मला हसू येत होतं. तुझ्यावर नाही येत. काल मला तुझा राग आला, आईशपथ इतका कधी आला नव्हता, तू टेबलावर मला ते बोललास तेव्हाही नाही.

आता माझं ऐक. पेपर आज सकाळी गेला. माझं आणि डॉक्टरीणबाईंचं नाव. पान नंबर मी स्वतः तीनदा तपासला आहे. त्याची एक प्रत समितीला दिली. तासाभरात कुलगुरूंचा फोन, "मॅडम, तुमची नेमणूक तूर्त थांबवावी लागेल. तुम्हीच सन्मानानं नकार कळवलात तर बरं." मी म्हटलं, नकार मी देणार नाही. मला ती खोली हवी आहे आणि माझ्या तीस पेपरांवर मी तिला लायक आहे. तुम्हाला काढायचं असेल तर कारण लेखी द्या, ते कारणही मी बोर्डावर लावीन. त्यांनी फोन ठेवला. खोली बहुधा गेली. चष्मेवाल्या बाई तेवढ्या येऊन भेटून गेल्या, माझे दोन पेपर मागून नेले, खरे. कपाटांखाली मी आज विटा लावून घेतल्या, म्हणजे गळणारं पाणी खालून जाईल.

सोबत एक कागद आहे. तुझी दुरुस्ती मी तुझ्या वतीनं लिहून टाइप करून ठेवली आहे, चार ओळींची. त्यात तुझी निंदा नाही, माझं कौतुक नाही. वाक्य चुकीचं होतं, आधार लागू नव्हता, कार्डं थंड ठेवून लवकर पोचवा. खाली सहीपुरती जागा सोडली आहे. तू आत्ता पाठवलीस तर ती माझ्या पेपरच्या आधी छापून येईल आणि मोठ्या माणसानं स्वतःची चूक स्वतः सांगितली असं लोक म्हणतील. म्हणू देत, मी मध्ये बोलणार नाही. नाही पाठवलीस तर माझा पेपर येईल आणि तक्ते त्यानं उतरतील, जरा उशिरा. तो उशीर ज्यांना भोवेल त्यांचे आजोबा डॉक्टर नाहीत, त्यांच्याकडे गाडी नाही, बर्फाची पेटी नाही. ते तुझ्या सहीवर विश्वास ठेवून घरी जातात.

बर्फाच्या पेटीचं मी कुठे लिहिणार नाही. वहिनीलाही सांगणार नाही. ते तुझ्या-माझ्यात राहील, पण राहील.

सही कर, दादा. ती केलीस की फोन लाव, मी उचलीन. बाळाचं नाव ठेवलंय म्हणे. वहिनी सांगतच होती, मीच तिला थांबवलं. म्हटलं, नको, ते मला दादा सांगेल.